सोलणाऱ्याची गाभोळी

आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. कतारमधल्या अल वक्रातले आमचे जुने लोक अजून सांगतात की तय्यबा मोठी खऱ्याची, नवरा झाकत होता आणि हिनं भर पंगतीत सगळं उघडं केलं. साफ उलटं आहे. झाकलं मी, आणि उघडलं माझ्या नवऱ्यानं. माझं कौतुक फुकटचं आहे, आणि फुकटचं मला कधी पचलं नाही.

साल एकोणीसशे सदुसष्ट. माझा नवरा महमूद (आता वय झालं म्हणून नाव घेते, तेव्हा 'ऐकलंत का' एवढ्यावर सगळा संसार चालायचा) अल वक्राच्या धक्क्यावर एका मासळी कंपनीत कारकून होता. आम्ही राजिवड्याचे, रत्नागिरीच्या खाडीकाठचे. शेडमध्ये त्याच्या हाताखाली कासम, फजल आणि आणखी सात-आठ जण, सगळे आपल्याच बाजूचे. मालक कतरी, बू जासिम. माणूस वाईट नव्हता, पण फायदा दिसला की त्याचे डोळे आधी हसायचे आणि तोंड मागून.

आमची एकुलती एक जन्नत तिकडे राजिवड्याला माझ्या सासूजवळ. मी कतारला आले तेव्हा तीन वर्षांची होती, त्या साली सहाची झाली. कंपनीचा नियम असा की साध्या कारकुनाला बायको आणता येईल, मूल नाही. मूल आणायचं तर वरची श्रेणी हवी. ज्या कुणी हा नियम केला त्याला अल्ला एकदा तरी आई करो! सासू पत्रातून जन्नतच्या पावलाच्या मापाचा दोरा पाठवायची, चपला घ्यायला. मी नवा दोरा जुन्या दोऱ्याला लावून बघायची. जास्तीचा तुकडा असायचा अर्ध्या बोटाएवढा. तेवढी पोर माझ्याशिवाय वाढली असं वाटायचं.

आता शेवंडीचं सांगते. कोळंबीच्या जाळ्यात तिथं शेवंडीही यायच्या. आपल्याकडच्या लांब मिशांच्या नव्हेत, चपट्या, लाटून ठेवल्यासारख्या. अरब तिला उम्म रुब्यान म्हणतात, म्हणजे कोळंबीची आई. पूर्वी तिला कुणी विचारत नव्हतं. मग अमेरिकेला गोठवलेल्या शेपट्या जायला लागल्या आणि कतार-बहरीनची जुंपली. समुद्र एक, शेवंड एक, गिऱ्हाईक एक, आणि हे दोघे शेजारी एकमेकांचा माल हलका म्हणून सांगत फिरायचे. दोन वर्षांत गिऱ्हाईकच वैतागलं. तेव्हा कुठं शहाणपण सुचलं. दोघांचा माल एकाच नावाच्या खोक्यातून विकायचा, आणि शेवंड कधी वाढते, कधी अंडी धरते, याचा अभ्यासही दोघांनी मिळून करायचा, म्हणजे समुद्र रिकामा व्हायचा नाही. खोक्यावर आधी कतार की आधी बहरीन, यावर मात्र तीन महिने खल चालला. शेवटी एका बाजूला हे आधी, दुसऱ्या बाजूला ते आधी. एवढ्यासाठी तीन महिने!

अभ्यासाला डॉक्टर नसरुद्दीन आले. औषधाचे डॉक्टर नव्हेत, माशांचे. आणि मूळचे कुठले, तर हैदराबादचे! ज्यांनी लहानपणी हुसेनसागरापलीकडं पाणी पाहिलं नाही, ते आम्हा राजिवडेकरांना शेवंड शिकवणार, म्हणून कासम पोट धरून हसला. पण माणूस भला, मवाळ बोलायचा. त्यांनी दोन्ही देशांच्या शेडमध्ये सारखेच फॉर्म दिले. रोज शंभर शेवंडी टेबलावर घ्यायच्या, लांबी मोजायची, नर की मादी ते लिहायचं आणि शेपटीखाली अंडी आहेत की नाहीत तेही लिहायचं. बहरीनला डॉक्टर स्वतः बसायचे. आमच्याकडे हे काम महमूदच्या गळ्यात आलं.

महमूदचा स्वभाव सांगायला हवा. पांढरा सदरा, खिशाला पेन आणि ओल्या वस्तूचा तिटकारा. मासळीच्या कंपनीत सात वर्षं काढली, पण अंगावर कधी खवला दिसला नाही. त्यानं शेडच्या पार टोकाला, कोरड्या जागी टेबल मांडलं. शेवंडी आधी कासम-फजलच्या हौदावर जायच्या. तिथं धुणं, घासणं, शेपटीखालचं सगळं खरवडून काढणं, कारण खोक्यात जाणारी शेपटी चकचकीत हवी असा गिऱ्हाइकाचा हुकूम होता. मग त्या नाहून-माखून झालेल्या शेवंडी महमूदच्या टेबलावर. तो एकेक उलटी करून बघायचा, अगदी प्रामाणिकपणे, आणि तितक्याच प्रामाणिकपणे लिहायचा, अंडी नाहीत.

आणि ती खरवडलेली अंडी? अहो, गाभोळी कोण टाकतं! आमच्यात बापजाद्यांपासूनची रीत आहे, सोलणाऱ्याची गाभोळी. मासळी मालकाची, पण साफ करणाऱ्याच्या हाताला लागलेली गाभोळी त्याची. मालक त्यावर हक्क सांगत नाही आणि खाणारा त्याची वाच्यता करत नाही. कासम ती सगळ्यांत वाटायचा. साहेबाचा वाटा डालड्याच्या डब्यातून रोज संध्याकाळी आमच्या घरी यायचा, आणि डबा आणायचा कोण? महमूद! ज्या हातानं 'अंडी नाहीत' लिहायचं, त्याच हातानं अंड्यांचा डबा घरी आणायचा. लबाडी नव्हती हो. टेबलावरचं ते कंपनीचं आणि डब्यातलं ते घरचं, ही दोन त्याच्या डोक्यात कधी भेटलीच नाहीत. आणि फॉर्मवर काय लिहितात ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

एप्रिलच्या मध्यावर बहरीनची मंडळी वक्राला यायची ठरली. पुढच्या वर्षीपासून शेवंड धरणं कुठं आणि किती दिवस बंद ठेवायचं, त्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या. बू जासिमनं महमूदला बोलावून सांगितलं, दुपारचं जेवण तुझ्या घरी, तुझ्या बायकोच्या हातचं. आणि हेही सांगितलं की दोन्ही देशांचं मिळून एक ऑफिस निघतंय, तिथला हेडक्लार्क तू. वरची श्रेणी. मुलीचे कागद माझ्या टेबलावर आलेत, सह्या झाल्या की संध्याकाळी तेही करून टाकतो, इन्शाल्ला.

मला काय झालं ते काय सांगू! सकाळपासून मी स्टोपाशी एकटीच हसत होते. शेजारची रबिया विचारून गेली, अगो, तुझं लगीन आहे की काय आज. मी म्हटलं, लगीन नाही, बाळंतपण आहे, सहा वर्षांची मुलगी होणार आहे मला.

पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले. बू जासिम, डॉक्टर, बहरीनच्या कंपनीची दोन माणसं आणि त्यांचा म्हातारा नाखवा. नाखव्यानं तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे हिंदी पक्कं. मी आत, मधे पडदा. डॉक्टर आणि बू जासिमही हिंदीतच बोलत होते, म्हणून मला शब्दन् शब्द कळला.

"बहरीनच्या बाजूला फेब्रुवारीपासून अंड्यांच्या माद्या सापडतात," डॉक्टर म्हणाले. "कतारच्या बाजूला पाच महिन्यांत दहा हजारांवर शेवंडी तपासल्या, एकही नाही. म्हणजे ही जात अंडी तिकडे सोडते आणि वाढायला इकडे येते. तेव्हा मार्च-एप्रिल बहरीननं तिला हात लावायचा नाही. कतारनं थांबायचं कारण नाही."

माझ्या हातात कालथा होता आणि समोर कढईत गाभोळी. कांदा-मिरचीवर परतलेली, कोकम घातलेली, लालकेशरी, खास पाहुण्यांसाठी राखलेली. मी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा कढईकडे.

बाहेर नाखवा सावकाश म्हणाला, "दोन महिने आमची साठ माणसं घरी बसतील. समुद्रासाठी असेल तर बसू. पण एवढंच सांगा, हे लिहिणारा माणूस खरा आहे?"

बू जासिम हसला. "महमूद? त्याला खोटं लिहिता आलं असतं तर तो एव्हाना शेठ झाला असता."

"जे टेबलावर पाहिलं तेच लिहिलं, वल्ला," महमूद म्हणाला, आणि भात न्यायला आत आला.

मी कढईकडे बोट केलं. "ही काय आहे?"

"गाभोळी," तो म्हणाला.

"कशाची?"

"शेवंडी..." आणि तिथंच त्याचं तोंड उघडं राहिलं. एवढं मोठं फसलेलं माणूस मी पुन्हा कधी पाहिलं नाही. उचललेलं भाताचं ताट खाली ठेवून तो माझ्याशेजारी बसला. "या अल्ला. पाच महिन्यांचे फॉर्म, तय्यबा. आणि हा रोजचा डबा."

मी कढईवर झाकण ठेवलं. हो, मी.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी कुजबुजले. "आज बोलायचं नाही. संध्याकाळी जन्नतच्या कागदावर सही होऊ दे. पोर एकदा बोटीत बसू दे, मग सांगा डॉक्टरांना, हवं तर पाया पडून सांगा."

"ती साठ माणसं..."

"बसू देत की! दोन महिनेच बसायचंय त्यांना. मी तीन वर्षं बसलेय."

आता कुणी म्हणेल, अंड्यांवरच्या माद्यांच्या विचारानं बाईचं काळीज हललं असेल. कसलं काय! मला शेवंडीची काडीची दया आली नाही, आणि बहरीनची तर नाहीच नाही. मला माझी मुलगी हवी होती. बाकीचा समुद्र गेला चुलीत.

महमूद माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा कागद वाचून ते हो म्हणाले गं." बस्स, एवढंच. उठला, झाकण काढलं, ताटलीत गाभोळी वाढून घेतली. तेलाचा ओघळ त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आला, तो त्यानं पुसलासुद्धा नाही, आणि पडदा सारून बाहेर गेला. त्या घडीला मला तो डोळ्यांसमोर नको झाला होता. आणि लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण इतका मोठाही तो मला कधी वाटला नव्हता. दोन्ही एकदमच वाटलं, त्याला मी काय करू?

बाहेर त्यानं सगळं सांगितलं. हौद, रीत, डबा, टेबल. कासमवर ढकललं नाही, फजलवर ढकललं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बू जासिम ओरडला, "खलास! पाच महिने खलास!" नाखव्यानं तेवढ्यात एक घास घेऊन पाहिला असावा, कारण तो म्हणाला, "आणि आम्ही हे पाण्यात फेकतो?"

डॉक्टर म्हणाले, "फॉर्म सगळे बाद. पण मला एवढं तरी सांगा, अंडी यायला कधी लागली? रंग कसा होता? कधी बदलला?"

महमूदला काय ठाऊक! ओल्याचा तिटकारा. त्यानं डबा आणला होता, एकदाही झाकण उघडून पाहिलं नव्हतं. "मग आणखी एक वर्ष थांबावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "तोवर कुणी काहीच ठरवू शकत नाही."

आत माझा संताप झाला. माझी पोर गेली ती गेली, आणि वर हा गोंधळही तसाच राहणार? मग गेली कशासाठी? हात पदराला पुसले आणि पडद्याआडून मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी सांगते."



"रमजानात एकही डबा आला नाही," मी म्हटलं. "ईद होऊन वीसेक दिवस गेले तेव्हा पहिला आला, तळाशी बोटभर. रंग केशरी, लख्ख. बकरी ईदीला डबा काठोकाठ, घरात संपेना म्हणून शेजारी रबियाला दिली, तिला विचारा. गेल्या आठवड्यापासून तपकिरी यायला लागलीय. तिच्यात बारीक काळे ठिपके असतात, दाताखाली कचकच करते. ती मी वेचून टाकते. आज निम्मा डबा टाकला."

"काळे ठिपके?" डॉक्टर उठूनच उभे राहिले. "आपा, ते डोळे आहेत. पिल्लांचे डोळे. टाकलेली कुठं आहेत?"

मी बादली पडद्याखालून सरकवली. तो शिकलेला माणूस उष्टा हात तसाच ठेवून माझ्या खरकट्याच्या बादलीपाशी उकिडवा बसला आणि अर्धा तास मला विचारत राहिला. कुठल्या आठवड्यात किती, शिजवल्यावर रंग कसा, कचकच केव्हापासून. मी सगळं सांगितलं. रोज रांधणाऱ्या बाईला हे पाठ करावं लागत नाही. शेवटी ते म्हणाले, "अगदी बहरीनसारखंच. आठ दिवसांचाही फरक नाही. दोन्हीकडची शेवंड एकच आहे, तेव्हा बंद दोघांनीही एकाच वेळी ठेवायला हवं."

लोकांना दिसलं ते एवढंच, पडद्याआडची बाई बोलली. आधीचं झाकण कुणी पाहिलं नव्हतं.

कागद तिथल्या तिथं बदलला. मार्च-एप्रिल दोघांचीही जाळी बंद. बू जासिमनं सही केली, तोंड कारलं खाल्ल्यासारखं करून. नाखव्यानं जाताना महमूदचा हात दोन्ही हातांत घेतला, पण नव्या ऑफिसातली खुर्ची बहरीनच्या कारकुनाला गेली. बरोबरच होतं. ज्याचे पाच महिन्यांचे फॉर्म बाद झाले त्याला हेडक्लार्क कोण करणार? जन्नतचे कागद संध्याकाळी परत आले, सहीशिवाय.

मी आठ दिवस नवऱ्याशी बोलले नाही. रांधलं, वाढलं, बोलले नाही. त्यानं आपलं टेबल उचलून हौदाला लावून घेतलं, खरवडायच्या आधीच शेवंड हातात घ्यायला लागला आणि संध्याकाळी चिंब होऊन यायचा. गाभोळी बंद झाली. अंड्यांची मादी आता मोजून परत पाण्यात. कासम रस्त्यात दिसला की म्हणायचा, "वहिनी, तुमच्या तोंडानं आमच्या तोंडचा घास काढला." मी म्हणायची, तुझ्या साहेबाच्या तोंडानं माझी पोर काढली, तुझ्या गाभोळीचं काय घेऊन बसलास!

मग पुढचं वर्ष उजाडलं, आणि जे सही करताना एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं ते समोर आलं. एक मार्चला जाळी बंद म्हणजे शेड बंद. शेड बंद म्हणजे रिकाम्या माणसांना पोसायचं कुणी? बू जासिमनं सरळ सांगितलं, दोन महिने आपापल्या मुलखाला जा, पगार नाही, मे महिन्यात हजर व्हा. यल्ला! एरवी चार-चार वर्षं ज्यांना रजा मिळत नव्हती ते आम्ही सगळे एकाच बोटीनं निघालो. कासम डेकवर शेवंडींना दुवा देत होता. मी कुणालाच काही देत नव्हते, जन्नतच्या पावलाचा शेवटचा दोरा बोटाला गुंडाळत बसले होते.

आठवड्याचा समुद्र, मग मुंबईहून रत्नागिरी. बकरी ईदीच्या आदल्या दिवशी राजिवड्याला पोचलो. जन्नत सासूच्या मागं उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हात पुढं केले, ती आली नाही. बापाकडं गेली नाही, माझ्याकडं नाही. दोन दिवस ती मला लांबूनच बघत होती, चार वर्षांत न पाहिलेल्या बाईकडं बघावं तसं. मी रडले, पण मोरीत जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी मी मागल्या दारी मासळी साफ करत होते, तर येऊन शेजारी बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही परत जाणार?"

खोटं सांगावंसं वाटलं. जीव जाईतोवर वाटलं. पण म्हटलं, "जाणार."

"कधी?"

मग मी तिला सांगितलं. तिकडं समुद्रात एक चपटी शेवंड असते. या दिवसांत तिच्या पोटाखाली अंडी असतात. ती आधी केशरी असतात, मग तपकिरी होतात, मग त्यांना डोळे येतात, आणि मग ती सुटून पाण्यात जातात. तोवर तिला कुणी धरायचं नाही, असा दोन देशांनी कायदा केलाय. तोवर तुझ्या अब्बाच्या शेडला कुलूप, आणि तोवर मी इथं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

"सगळी सुटेपर्यंत?"

"सगळी सुटेपर्यंत."

ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून विचार करत बसली. मग हळूच सरकून माझ्या अंगाला टेकली आणि म्हणाली, "अम्मा, मग त्यांना निरोप धाड ना. घाई करू नका म्हणावं."